पात्रे देशांची, नावे माणसांची

जपानी कार्टून, म्हणजे आजच्या मुलांच्या भाषेत ‘अ‍ॅनिमे’, आता महानगरांपुरते राहिलेले नाही. पालघर-बोईसरच्या मध्यमवर्गीय घरांतील मुलेही ते भ्रमणध्वनीवर पाहतात. त्यांतील ‘हेतालिया: अ‍ॅक्सिस पॉवर्स’ ही मालिका पालकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. हिदेकाझ हिमारुया या चित्रकाराच्या चित्रकथेवरून ‘स्टुडिओ दीन’ने ती २००९ साली आणली. जेमतेम पाच-पाच मिनिटांचे भाग, आणि पात्रे म्हणजे साक्षात देश! इटली हा पास्त्यावर जीव टाकणारा, लढाई म्हटली की पळ काढणारा भित्रा तरुण. जर्मनी शिस्तीचा करडा. जपान मितभाषी आणि विनयशील. अमेरिका स्वतःच स्वतःला नायक म्हणवून घेणारा, तर इंग्लंड चिडका आणि स्वयंपाकात कच्चा. पार्श्वभूमी मात्र दुसऱ्या महायुद्धाची.

मुलांना ती आवडली तर नवल नाही. पाठ्यपुस्तकात रुक्षपणे येणाऱ्या नावांना येथे चेहरा मिळतो. कोण कोणाच्या बाजूने लढले, हे विनासायास लक्षात राहते. परंतु पडद्यावरच्या त्या विनयशील तरुणाने प्रत्यक्षात काय केले होते? १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या टाचेखाली होता. १९३७ साली जपानी सैन्याने चीनमधील नानजिंग येथे केलेली कत्तल जग विसरलेले नाही. म्हणूनच मूळ चित्रकथेतील कोरियाच्या चित्रणावरून जानेवारी २००९ मध्ये दक्षिण कोरियात संताप उसळला. विषय तेथील संसदेपर्यंत गेला आणि ‘किड्स स्टेशन’ या जपानी वाहिनीने नियोजित प्रक्षेपण रद्द केले. तरीही इंटरनेटवरून मालिका प्रसृत झालीच.

हे वाचून आपल्याकडेही अशा मालिकांवर बंदीची मागणी करावी, असे कोणास वाटेल. त्यांनी १९१० साल आठवावे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यात पडलेला देश, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. नाटकात कर्झनचे नावसुद्धा नव्हते. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. पण लोकांच्या मनात उमटलेला अर्थ सरकारला पुसता आला नाही. देशाला पात्र करण्याची कला आपल्याला परकी नाही. ज्यांच्या घरात भारतमातेची प्रतिमा आहे, त्यांना तर ती मुळीच परकी नाही. आणि बंदीने विचार मरत नाही, हा धडा आपणच इंग्रजांना दिलेला आहे.

मग खाडिलकरांची द्रौपदी आणि हा भित्रा इटली यांत भेद कोणता? द्रौपदीच्या मागे अपमान सोसणारा खराखुरा समाज उभा होता आणि समोर बसलेला प्रेक्षक त्या समाजातलाच एक होता. विनोदी चित्रकथेतला देश मात्र मार खातो आणि पुढच्या भागात हसत उठतो. पात्र मरत नाही, म्हणून त्या युद्धात कोणी मेलेच नाही, असा समज बालमनावर नकळत ठसतो. आमचा आक्षेप आहे तो येथे.

या आक्षेपाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. त्याच महायुद्धाच्या ऐन भरात, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरमध्ये ‘चले जाव’चा मोर्चा निघाला आणि त्यावर गोळीबार झाला. नांदगावचे गोविंद ठाकूर, सातपाटीचे काशिनाथ पागधरे, मुरबेचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकूर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी हे पाच जण हुतात्मा झाले. गोळ्या झाडणारे सरकार त्याच वेळी जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचे सांगत होते. मालिकेतल्या इंग्लंडची थट्टा त्याच्या बेचव स्वयंपाकावरून होते. पालघरला माहीत असलेला इंग्लंड निराळा आहे.

देश म्हणजे एक स्वभाव, ही कल्पना किती अपुरी आहे, हे तारापूरइतके दुसरे कोणते गाव सांगू शकेल? १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र उभारण्यास साहाय्य केले आणि समृद्ध युरेनियम पुरविण्याचे मान्य केले. १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तोच पुरवठादार हात आखडता घेऊ लागला आणि १९७८ च्या नव्या अमेरिकी कायद्याने ती अडवणूक पक्की केली. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य केले. नंतरच्या काळात रशियाकडून इंधन आले, आणि ज्या चीनशी आपले युद्ध झाले होते त्या चीनकडूनही आले! यात मित्र कोण आणि शत्रू कोण? रुसवे-फुगवे दाखवून या व्यवहाराचा उलगडा होत नाही. कायदे, करार आणि ज्याचे त्याचे हितसंबंध यांनीच तो होतो. आपले खरे उत्तर आपल्या शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी दिले. २००५ आणि २००६ मध्ये तारापूरलाच प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्यांतून वीज वाहू लागली.

अभिमानाच्या या कथेतही एक पान आहे, ते गाळून चालणार नाही. या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नावर ग्रामस्थांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. देशाला आपण माता म्हणतो, तेव्हा ज्यांनी घर, शेत आणि समुद्रकाठ सोडला ती तिचीच लेकरे, हे ओघानेच आले. त्यांना वगळून काढलेले मातेचे चित्र कितीही तेजस्वी असले तरी ते अपुरेच. जपानी चित्रकाराला आपण जो प्रश्न विचारतो, तोच आपल्या चित्रालाही विचारला पाहिजे: या पात्राच्या मागची माणसे कोठे आहेत?

म्हणून पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी भ्रमणध्वनी हिसकावून घेऊ नये. मालिका मुलांबरोबर बसून पाहावी, हसावे, आणि मग एखाद्या रविवारी त्यांना पालघरच्या हुतात्मा स्मारकापाशी न्यावे. तेथे ती पाच नावे गावांसकट सांगावीत. परतीच्या वाटेवर तारापूरच्या युरेनियमची आणि पोफरणच्या घरांची गोष्ट सांगावी. हिमारुया यांच्या लेखणीत गंमत आहे. ती तिच्या जागी असू द्यावी. पण आपल्या गावच्या माणसांची हकिगत मुलांना सांगण्याचे काम जपानचा चित्रकार करणार नाही. ते घरातल्या मोठ्यांनाच करावे लागेल, आणि १४ ऑगस्ट दरवर्षी येतो.