जीव रमत नाही

मेलबर्नला जुलैत सव्वापाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. अशाच एका शनिवारी आपल्या मराठी मंडळाचे नऊ कार्यकर्ते भाड्याच्या हॉलमध्ये गोल करून बसले होते. एरवी असा गोल एकतर नाटकाच्या तालमीला होतो, नाहीतर पातेली कुणी घासायची यावर वाद घालायला. या वेळची तालीम निराळी होती. समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायचं होतं, "जीव द्यावासा वाटतो का?" आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं होतं. पहिल्या फेरीत एकालाही ते वाक्य पुरं करता आलं नाही.

हा 'मेंटल हेल्थ फर्स्ट एड'चा वर्ग. मनाच्या प्रथमोपचाराचा म्हणा. आज तो पंचवीसहून अधिक देशांत चालतो, पण त्याचा जन्म आपल्याच कॅनबेराचा, २००० सालचा. बेटी किचनर आणि टोनी जॉर्म या जोडप्याला ही कल्पना कुत्र्याला फिरायला नेताना सुचली. बेटी नर्स, आणि नैराश्य म्हणजे काय हे लहान वयापासून अनुभवलेली. टोनी संशोधक. सर्वसामान्य माणसाला मनाच्या आजारांबद्दल कितपत कळतं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. रस्त्यात कुणी पडलं तर काय करायचं ते शिकवतात, मग शेजारी बसून कुणी रडायला लागलं तर काय करायचं ते का शिकवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मूळचा वर्ग नऊ तासांचा होता, पुढे तो बारा तासांचा, साधारण दोन दिवसांत संपणारा झाला. निदान करायला तो शिकवत नाही, उपचार तर नाहीच. जवळ जायचं, धोका आहे का ते बघायचं, निवाडा न करता ऐकायचं, धीर आणि नेमकी माहिती द्यायची, आणि डॉक्टरांपर्यंत किंवा घरच्यांपर्यंत पोचायला सोबत करायची. सोपं वाटतं. करून बघा.

आपली मुख्य अडचण ऐकण्याची निघाली. "मन लागत नाही" असं समोरचा म्हणाला, की आपल्या तोंडून लगेच "मनाला लावून घेऊ नकोस", "सगळं छान तर चाललंय तुमचं", "सकाळी उठून चालायला जा" असं काहीतरी येतं. त्यात वाईट हेतू नसतो. फक्त समोरच्याचं वाक्य तिथेच संपतं.

दुसरी अडचण भाषेची, आणि तिच्यावर आम्ही तासभर घालवला. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे थेट विचारावं असं या वर्गात शिकवतात. विचारल्याने ती कल्पना कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पण मराठीत थेट विचारायचं कसं? 'आत्महत्या' हा शब्द वर्तमानपत्रातला, घरात कुणी वापरत नाही. 'बरंवाईट' घरातला खरा, पण त्यात इतकी आडपडद्याची सोय आहे की ऐकणारा सहज निसटतो. शेवटी 'जीव देणं' यावर एकमत झालं. इंग्रजीत शिकवणाऱ्या प्रशिक्षकबाई आमचा खल शांतपणे पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही हे शब्द आजवर कधी मोठ्याने उच्चारले होते का?"

आमच्या खजिनदारांनी बैठकीत घेतलेली हरकत रास्त होती. मंडळाने सण करावेत, हे काम डॉक्टरांचं आहे. पण मला एक काका आठवतात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. हॉलच्या पार्किंगमध्ये दोनदा म्हणाले, "इथे जीव रमत नाही हो." आम्ही त्यांना कोजागिरीचं आमंत्रण दिलं. काका ठरल्याच्या दोन महिने आधीच परत गेले, आणि रात्र रात्र त्यांना झोप नव्हती हे आम्हाला नंतर कळलं. पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मेडिकेअर नसतं, त्यांची इथे ओळख असते ती मंडळाशी. माणूस डॉक्टरांच्या आधी आपल्याकडे येतो, आणि 'डिप्रेशन' म्हणत येत नाही. जीव रमत नाही, छातीत धडधडतं, डोकं जड होतं, असं म्हणत येतो.

डॉक्टर नसलेल्या माणसाला हे जमतं का, याचं उत्तर महाराष्ट्राच्या शेजारच्या गोव्यात मिळालेलं आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तिथे 'संगथ' संस्था सुरू केली. 'मानस' या त्यांच्या प्रयोगात आरोग्याचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोन महिने शिकवून समुपदेशक म्हणून दवाखान्यांत बसवलं. आजाराचं नाव घेऊन बोलायचं टाळलं, लोकांच्या तोंडचा 'टेन्शन' हाच शब्द वापरला. निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी आरोग्य केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, तुलनेच्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

पुन्हा भाषेकडे वळतो, कारण त्यात एक गंमत आहे. आपल्यातल्या किती जणांनी पीआरचे पाच गुण मिळवायला 'नाटी' या भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची मराठी सीसीएल परीक्षा दिली आहे! दवाखान्यातले संवाद पाठ करून मराठीत उतरवले, गुण घेतले आणि विसरलो. त्या परीक्षेने कुणी दुभाषा होत नाही, त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. पण रुग्णालयात मराठी दुभाष्याची गरज पडते, आणि ज्यांना ती भाषांतराची गोडी लागली होती त्यांनी त्या प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी.

मुलांच्या या क्षेत्रातल्या करिअरबद्दल विचारणाऱ्या पालकांसाठी थोडक्यात: इथे 'सायकॉलॉजिस्ट' हे बिरुद कायद्याने राखीव आहे आणि नोंदणीपर्यंत किमान सहा वर्षं जातात. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. पैसे भरण्याआधी अभ्यासक्रमाला कुणाची मान्यता आहे ते विचारा. सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी डॉक्टर नसलेल्यांनाही खुली असते. वाणिज्य किंवा संख्याशास्त्र शिकलेल्यांनी तिकडे वळून बघायला हरकत नाही.

त्या शनिवारी चौथ्या फेरीत वाक्य जमलं. सगळ्यांत चांगलं जमलं आपल्या तबलजींना. त्यांना थांबता येतं. विचारून झाल्यावर ते एक शब्द न बोलता बसून राहिले. समोर फक्त भूमिका करत असलेल्या बाई पाऊण मिनिटाने म्हणाल्या, "हे नाटकातलं नाही, पण मला एक सांगायचंय." मग आम्ही बाकीचे चहा करायला उठलो.

दुसऱ्या तुकडीत बारा जागा आहेत. शुल्काचा निम्मा भाग मंडळ देईल, खजिनदारांची सही झाली आहे आणि यादीत पहिलं नावही त्यांचंच आहे. गणपतीत मोदकांची मागणी जिथे नोंदवतो, त्याच टेबलावर वही ठेवली आहे. वहीच्या पहिल्या पानावर लाइफलाइन या मदतवाहिनीचा क्रमांक लिहिला आहे, १३ ११ १४, दिवसरात्र चालू. जिवाला तात्काळ धोका असेल तर ०००. नाव नोंदवायचं नसलं तरी पान फोनमध्ये टिपून न्या.