मोजून द्या, आणि ईदच्या आधी द्या

चेन्नईच्या टी. नगर आणि आसपास राहणाऱ्या, घरात मराठी, कोकणी किंवा दखनी बोलणाऱ्या सर्व मुस्लिम बंधू-भगिनींनो,

रमजानचा शेवटचा अशरा सुरू आहे. उस्मान रोडवर पाय ठेवायला जागा नाही, ईदचे कपडे शिवायला गेले आहेत, आणि आपल्यापैकी कितीतरी घरांत जकातीचा हिशेब मात्र अजून कागदावर उतरलेला नाही. सत्ताविसाव्या रात्री पाकिटात हात घालायचा, येईल ती रक्कम द्यायची आणि मन हलके करायचे, असे दरवर्षी घडते. तो सदका झाला, जकात नव्हे. जकात ठरलेली आहे: निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेइतकी, मालमत्ता चांद्रवर्षभर ज्याच्याकडे टिकली, त्याच्यावर शंभराला अडीच. हा वाटा गरिबाचा हक्क आहे. आपण तो देत नाही, तोवर दुसऱ्याचे पैसे आपल्या कपाटात पडून आहेत.

पहिली चूक वजनात होते. साडेसात तोळे सोने हा निसाब आपण लहानपणापासून ऐकला, पण तो जुना तोळा आहे, 11.664 ग्रॅमचा. महाराष्ट्रातले सराफ आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतात आणि इथली दुकाने आठ ग्रॅमच्या सवरनात बोलतात. तेव्हा ग्रॅममध्येच मोजा. सोन्याचा निसाब 87.48 ग्रॅम, म्हणजे अकरा सवरनांना अर्धा ग्रॅम कमी. चांदीचा, साडेबावन्न तोळ्यांचा, 612.36 ग्रॅम.

दुसरी चूक याहून मोठी. 87 ग्रॅमचा निसाब केवळ सोनेच असलेल्यासाठी आहे. सोन्याबरोबर रोकड, बँकेतली शिल्लक किंवा दुकानातला माल असेल, तर हनफी मतानुसार सगळ्याची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडायची. चार सवरनांची साखळी आणि खात्यात थोडी शिल्लक असलेली गृहिणी स्वतःला जकातीबाहेर समजते. आजच्या भावांनी ती बाहेर नाही. आणि हा हिशेब तिचा एकटीचा. नवऱ्याचे, सासूचे आणि तिचे सोने एका तराजूत घालायचे नाही. नवऱ्याला तिच्या वतीने भरायचे असेल तर तिला विचारून भरावे.

उदाहरण घेऊ. भाव केवळ हिशेबापुरता ग्रॅमला दहा हजार धरू; तुम्ही त्या दिवसाचा, त्या कॅरेटचा धरा. बारा सवरन म्हणजे 96 ग्रॅम, 9,60,000 रुपये. बँकेत 1,50,000. दुकानात विक्रीचा माल 2,00,000. लगेच फेडायचे देणे 60,000, ते वजा. उरले 12,50,000. त्याला चाळीसने भागा: 31,250 रुपये. दागिन्यातले खडे, मोती, लाख वजनातून काढा. घडणावळ आणि जीएसटी धरू नका. राहते घर आणि रोजची स्कूटर यांवर जकात नाही. विकण्यासाठी घेतलेल्या प्लॉटवर आहे. सराफाकडच्या मासिक बचत योजनेत भरलेले हप्ते आणि परत मिळण्याची खात्री असलेले उसने पैसे मात्र आपण हमखास विसरतो. तेही तुमचेच आहेत, मोजा.

रत्नागिरी-रायगडकडून आलेल्या कोकणी घरांसाठी वेगळे सांगायला हवे. तुम्ही शाफई. शाफई मतात बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी मतात आहे. सून कोकणातली आणि सासर हनफी असेल तर घरात यावरून वाद होतात, ते मी पाहिले आहेत. आपल्या मजहबाप्रमाणे चाला, त्याला कोणी बोल लावू नये. पण भाव वाढेल म्हणून कपाटात ठेवलेली नाणी, बिस्किटे वापरातला दागिना नव्हेत. त्यांवर शाफई मतातही जकात आहे. ज्या वर्षी जो मजहब स्वस्त पडेल तो धरणे हे दीनाशी सौदा करणे आहे.

मागच्या वर्षांची राहिली असेल तर तीही वर्षागणिक मोजून द्या. निसाब पुरा झाल्याची तारीख आठवत नसेल तर आज एक चांद्र तारीख ठरवा आणि पुढे तीच पाळा.

कोणाला द्यायची ते सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ गटांत सांगितले आहे. आईवडील, मुले आणि हनफी मतानुसार नवरा-बायको यांना चालत नाही. गरजू भाऊ, बहीण, मावशी यांना चालते, आणि सुरुवात तिथूनच व्हावी. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार किंवा बोनस जकातीतून भागवू नका. तो त्यांच्या कष्टाचा मोबदला आहे. गरजू बिगरमुस्लिम शेजाऱ्याला सदका मोकळ्या हाताने द्या. त्यांचाही हात आपल्यासाठी मोकळा आहे: ट्रिप्लिकेनच्या वालाजा मशिदीत रोजेदारांना इफ्तार वाढणारे सूफीदार ट्रस्टचे स्वयंसेवक हिंदू आहेत, हे चेन्नईत सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि कृपा करून दारापुढे रांगा लावू नका. 2008 मध्ये इंडोनेशियातल्या पासुरुआनला जकात घेताना चेंगरून 21 बायका मेल्या. आपल्या शेजारच्या एम.जी.आर. नगरात डिसेंबर 2005 मध्ये पूरग्रस्तांच्या मदतीच्या टोकनांसाठी जमलेल्या गर्दीत 42 माणसे गेली. शंभर जणांना शंभर रुपये वाटण्यापेक्षा एका कर्जबाजारी घराचे देणे फेडा. पाकीट घरी नेऊन द्या. जकात आहे असे सांगायची गरज नाही, तुमची नीयत पुरे.

फित्रा वेगळा, तो ईदच्या नमाजाआधी. जकात त्याच्याही आधी पोहोचली तर कोणाच्या घरी शिधा येईल, कोणाचे थकलेले भाडे भरले जाईल. हिशेब अडला तर आजच तरावीहनंतर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना भेटा. जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या: दागिन्यांचे वजन, शिल्लक, येणे, देणे.