बोटें शिकलीं, कान राहिला

बुलढाणें जिल्ह्यांतील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत, खामगांवास काय अन् मलकापुरास काय, पेटीशेजारीं आतां विजेवर चालणारा पियानो येऊं लागला आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्यावर चालणाऱ्या शिक्षणाबद्दल. परवां एका स्नेह्यांच्या मुलानें ‘ऑल्टर्ड सेव्हन्थ’ नांवाचा अवघड स्वरसंघ तक्त्यावरून अचूक वाजवून दाखविला. सर्वांनीं वाहवा केली. आम्ही म्हटलें, “बाळ, यांतला एखादा स्वर गाऊन दाखव पाहूं.” मुलगा गप्प! वडील हंसून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, गाण्याचा क्लास अजून लावला नाहीं.”

गाणें निराळें आणि वाजविणें निराळें, ही समजूत ज्यानें प्रथम काढली त्यानें मुलांचें फार नुकसान केलें आहे.

हा स्वरसंघ आहे तरी काय? पांढरी एक षड्ज धरावी. पंचम, निषाद, ऋषभ व मध्यम एकदम वाजविले कीं पंचमावरील सप्तम स्वरसंघ होतो. त्यांतील ऋषभ उतरवून कोमल केला व जोडीस कोमल धैवत घेतला, कीं त्याचा एक ‘ऑल्टर्ड’ प्रकार सिद्ध होतो. शब्दास बिचकण्याचें कारण नाहीं. आपण ज्यांस विकृत स्वर म्हणतों, तीच ही कल्पना. डाव्या हातानें मंद्र पंचम व मध्य मध्यम, उजव्यानें कोमल धैवत, शुद्ध निषाद व तार कोमल ऋषभ दाबावे. हे पांचही स्वर भैरवांतले आहेत! आतां ऐकावें: मध्यमास गंधारावर उतरावयाचें आहे, धैवतास पंचमावर; निषाद वर षड्जाकडे धांवतो, ऋषभ खालीं त्याच षड्जाकडे झुकतो. चौघांचेंही घर एकेका पट्टीवर आहे. ही ओढ ज्यास ऐकूं आली त्यास स्वरसंघ कळला. इतरांनीं केवळ पांच पट्ट्या दाबल्या.

यावर आमचे शुद्धतावादी मित्र म्हणतील, भैरवाचा आंदोलित ऋषभ पियानोच्या पट्टींत मावत नाहीं. अगदीं खरें! पियानोवर सप्तकाचे १२ समान भाग, प्रत्येक १०० सेंटांचा. स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारें ३८६ सेंटांवर, पियानोचा ४०० वर. अशाच आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीस बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. पण म्हणून भजनी मंडळांतील पेटी कोणी माळ्यावर टाकली काय? या स्वरसंघास भैरव म्हणावें, किंवा भैरवाखालीं तो वाजवावा, असें आम्ही म्हणतच नाहीं. राग तो राग, स्वरसंघ तो स्वरसंघ. मात्र एकाच्या संस्कारानें तयार झालेला कान दुसऱ्याच्या कामीं येतो, एवढेंच आमचें म्हणणें.

पाश्चात्यांची रीत तरी निराळी कोठें आहे? गोव्यांतील चर्चच्या शाळांत मुलांस स्वरलिपि वाचून गावयास शिकवीत. त्या गोमंतकीय परंपरेंतूनच अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक-संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतास लाभले. त्यांचे स्वरसंघ लाखोंच्या कानीं पोंचले, ते तक्ते पाठ करून खास नव्हे.

तेव्हां पालकांस आमचें सांगणें एवढेंच: पट्ट्यांवरच्या रंगीत चिठ्ठ्या काढून टाका. षड्ज धरून मुलास पांचही स्वर एकेक करून गाऊं द्या, मग ते एकदम वाजवून थांबा आणि विचारा, “आतां कोठें जावेंसें वाटतें?” त्यानें षड्ज गाइला, तर शिक्षण सुरू झालें. न गाइल्यास त्यास रागें भरूं नका. त्याच्यापुढें तक्ता आपणच ठेवला होता.