कुंपणापलीकडचा माणूस

रविवारी दुपारी बराकपूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दोनच आवाज असतात. बाहेर हवाई दलाच्या तळाकडून येणारा हेलिकॉप्टरचा, आणि आत चिरंजीवांच्या खोलीतून येणारा निसान जीटी-आर निस्मो जीटी३ या गाडीचा. ‘ग्रान टुरिस्मो ७’ या गेममधली ही गाडी खरी आहे, जगभरच्या ट्रॅकवर धावलेली आहे. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, सुमारे साडेपाचशे अश्वशक्ती. शोरूममधल्या जीटी-आरची चारही चाकं इंजिन फिरवतं, शर्यतीच्या गाडीत मात्र फक्त मागची दोन. हे सगळं ज्ञान मला पंधरा वर्षांच्या मुलाकडून मिळालं. माझा वाहनांचा अनुभव जिप्सी आणि स्टॅलियन ट्रकपुरता.

मेसमध्ये हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं : ‘गेम खेळून कोणी ड्रायव्हर होत नाही.’ मित्रहो, मीही हेच म्हणत असे. पण ते चूक आहे, आणि चूक आहे हे कबूल करूनच पुढचं बोलायला हवं.

२००८ साली निसान आणि प्लेस्टेशनवाल्यांनी ‘जीटी अकॅडमी’ सुरू केली. गेममध्ये सर्वांत जलद असणाऱ्यांना निवडायचं आणि खऱ्या रेसिंग गाडीत बसवायचं. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ. तीनच वर्षांनी, २०११ मध्ये, तो ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. त्याच वर्षी सुमारे ९० हजार स्पर्धकांतून ब्रिटनचा यान मार्डेनबरो निवडला गेला. २०१३ मध्ये तो ल मान्सला आपल्या गटात तिसरा आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची १२ तासांची शर्यत याच जीटी-आर निस्मो जीटी३ने जिंकली. तिच्या तीन चालकांपैकी दोघे, वोल्फगांग राइप आणि फ्लोरियन श्ट्राउस, याच अकॅडमीचे. म्हणजे गेम शिकवतो. ब्रेक कुठे दाबायचा, वळणात रेषा कोणती धरायची, नजर किती पुढे ठेवायची, हे सगळं शिकवतो. फौजेत आपण गोळीबारासाठी आणि ड्रायव्हिंगसाठी सिम्युलेटर वापरतो ते काही हौस म्हणून नाही. दारूगोळा वाचतो, डिझेल वाचतं, आणि पोरगं पहिल्या दिवशी कोणाचा जीव न घेता चुकू शकतं.

बाथर्स्टच्या त्या विजयाला जेमतेम सात आठवडे झाले होते. २८ मार्च २०१५. जर्मनीतलं न्युर्बुर्गरिंग. डोंगरातून जाणारा हा जुना ट्रॅक जवळजवळ २१ किलोमीटरचा आहे, आणि गेम खेळणाऱ्या पोरांना तो तोंडपाठ असतो. त्याच्या एका चढाच्या माथ्यावर मार्डेनबरोच्या जीटी-आरचं नाक उचललं गेलं. खाली हवा शिरली, गाडी शेपटीवर उभी राहिली, उलटली आणि कुंपणावरून पलीकडे गेली. पलीकडे प्रेक्षक होते. त्यातला एक जण दगावला, आणखी काही जखमी झाले. मार्डेनबरो वाचला.

त्या जागेचं नाव फ्लुगप्लाट्झ, म्हणजे विमानतळ. गाड्या तिथे हवेत उडतात म्हणून हे नाव पडलं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर जवळ ग्लायडरचं छोटं मैदान होतं, त्यावरून ते आलं. हे वाचलं तेव्हा मला बराकपूर आठवलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ कामासाठी वापरलेल्या इथल्या धावपट्टीवर स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या शर्यती होत. मद्रासजवळ शोलावरम, मुंबईत जुहू, इंग्लंडात सिल्व्हरस्टोन, सगळीकडे तीच कथा. युद्ध संपलं, पट्टी मोकळी झाली, वेगाची हौस असलेली माणसं तिथे पोचली. धावपट्टीवरच्या त्या काळच्या शर्यतींत कुंपण म्हणजे बहुतेक पिंपं आणि गवताच्या गासड्या. पलीकडे गर्दी उभी.

चिरंजीवांना मी तो अपघात सांगितला. तो म्हणाला, “बाबा, गेममध्ये तिथे गाडी उडाली तर आपण लॅप परत सुरू करतो.”

त्यात त्याचा काही दोष नाही. गेममध्ये कुंपणापलीकडे प्रेक्षक असतात, पण ते चित्रातले. त्यांना लागत नाही. चुकीची किंमत चार सेकंद, फार तर शर्यत. सिम्युलेटरची माझ्या मते एकमेव खरी उणीव हीच आहे. वेग, पकड, ब्रेक, पाऊस, सगळं त्यात घालता येतं. पलीकडचा माणूस घालता येत नाही.

फायरिंग रेंजवर पहिली गोळी सुटण्याआधी किती काम झालेलं असतं, हे आपल्या निवृत्त मंडळींना सांगायला नको. लाल झेंडा चढतो. डेंजर एरिया नकाशावर आखलेला असतो. आसपासच्या गावांना कळवलेलं असतं, वाटांवर संत्री उभे असतात. गोळी मारणारा कितीही पक्का निशाणेबाज असो, त्याच्या कौशल्यावर भरवसा ठेवून आपण झेंडा खाली ठेवत नाही. न्युर्बुर्गरिंगवाल्यांनीही शेवटी तेच केलं. अपघातानंतर त्या भागात वेगमर्यादा लावली. पुढच्या मोसमाआधी रस्त्याचा तो उंचवटा कमी केला आणि कुंपणं वाढवली.

२०२३ मध्ये या मार्डेनबरोवर सिनेमा आला. त्यात हा अपघात ल मान्सच्या यशाच्या आधी दाखवला आहे, म्हणजे नायकाने दुःखावर मात करून बक्षीस मिळवलं अशी गोष्ट जमते. खरा क्रम उलटा होता : बक्षीस आधी, मृत्यू दोन वर्षांनी. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. मेलेला माणूस दुसऱ्याच्या कथेतली पायरी नसतो. आपल्याकडे हे चांगलंच कळतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या युनिटमध्ये एक तरुण ड्रायव्हर होता. सिम्युलेटरवर पहिला नंबर. बीटी रोडवर पहिल्यांदा ट्रक काढला, आणि टोटो रिक्षाच्या आडून एक सायकलवाला समोर आला. पोराने ब्रेक वेळेत मारला. कोणाला खरचटलंही नाही. पण परत आल्यावर तो ट्रकमधून उतरेना. हात स्टिअरिंगवर तसेच. आमचे एमटीचे उस्ताद त्याच्याजवळ गेले आणि एवढंच म्हणाले, “बेटा, आज तू ड्रायव्हर बना है.”

त्यानंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. सिम्युलेटर पास झालेल्या प्रत्येक पोराने गाडीची चावी हातात घेण्याआधी एक सकाळ आपल्या वाहनांसाठी ट्रॅफिक ड्यूटी करायची. शाळा भरायच्या वेळी, रस्त्याच्या कडेला, पायी. पाच टनी ट्रक हातभर अंतरावरून गेला की अंगावर वारा कसा येतो, हातातलं पोर कसं आईला चिकटतं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कौशल्य सिम्युलेटर देईल. हे तो देणार नाही.

गेम बंद करा, असं मी म्हणणार नाही. माझ्या घरात तो चालूच आहे. पण ज्यांच्या मुलांना अठराव्या वर्षी लायसन्स काढायचं आहे, त्यांनी आधी त्यांना एखाद्या गर्दीच्या चौकात तासभर उभं करावं. माझ्या चिरंजीवांची पाळी येत्या शनिवारी आहे, बराकपूर स्टेशनबाहेर. तो कुरकुरतोय. कुरकुरू दे.

जय हिंद.