तीन पेनीचे निळे तिकीट

आमच्या अदलाबदल सदरासाठी येणाऱ्या याद्यांत एक ओळ हमखास असते: ‘ब्रिटन, मेचिन, 3 पेनी, निळे, वापरलेले.’ यादी पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण एवढ्या वर्णनात एकाहून अधिक तिकिटे बसतात. घेणाऱ्याला हवे असते त्यातले एक आणि पाकिटातून निघते दुसरे. मग आमच्याकडे तक्रार येते.

शिल्पकार अर्नोल्ड मेचिन यांनी प्लास्टरमध्ये घडवलेला राणी एलिझाबेथचा चेहरा 5 जून 1967 रोजी तिकिटांवर आला आणि राणीच्या निधनापर्यंत टिकला. चित्र तेच राहिले. कागद, डिंक, फॉस्फर, छिद्रे आणि छापखाने मात्र बदलत गेले. हे बदल संग्राहकांना छळण्यासाठी कुणी केले नाहीत, त्यामागे टपालखात्याची कारणे होती. कारण समजले की फरक पाठ करावा लागत नाही.

हे निळे तिकीटच घ्या. 15 फेब्रुवारी 1971 रोजी ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले तेव्हा पहिल्या वर्गाच्या पत्राचा दर 3 पेनी होता, म्हणून तिकिटावर फॉस्फरच्या दोन पट्ट्या होत्या. 10 सप्टेंबर 1973 ला दर वाढले आणि 3 पेनी हा दुसऱ्या वर्गाचा दर झाला. दुसऱ्या वर्गाला मध्यभागी एकच पट्टी, कारण वर्गवारीचे यंत्र पट्ट्या पाहूनच पत्रे वेगळी करते. त्यामुळे तेच निळे तिकीट एका पट्टीने पुन्हा छापले गेले. पुढच्या दरवाढीत, 1974 मध्ये, साडेतीन पेनीचेही तसेच झाले. म्हणजे या मालिकेसाठी दरांचा तक्ता हाताशी असणे कॅटलॉगइतकेच गरजेचे आहे.

पट्टी पाहायला दर वेळी दिवा लागत नाही. तिकीट डोळ्यांच्या पातळीला आणून खिडकीच्या उजेडात तिरके धरले की चकाकत्या कागदावर पट्टी मंद दिसते. शंका राहिली तर दिवा घ्यावा, पण नोटा तपासायचा स्वस्त दिवा नव्हे. तो दीर्घ तरंगलांबीचा असतो. कागदाची चमक त्यात कळते, जुन्या पट्ट्यांची मागे उरणारी लकाकी कळत नाही. तिला लघुतरंगाचा, 254 नॅनोमीटरचा दिवा लागतो, आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचे नाही. तिकिटावर शिक्का गडद असेल तर पट्टी त्याखाली लपते. वापरलेल्या तिकिटावर पट्टी दिसली नाही म्हणून लगेच ‘फॉस्फर सुटलेले’ अशी चिठ्ठी लावून किंमत वाढवणाऱ्यांचे आम्हाला कौतुक वाटत नाही.

डिंकाची गोष्ट आणखी नाजूक. सुरुवातीचा अरबी डिंक चकाकतो. 1968 पासून आलेला पीव्हीए डिंक इतका मंद की पाठ कोरीच वाटावी. नंतरच्या डेक्स्ट्रिन मिसळलेल्या डिंकाला निळसर हिरवी झाक असते. दशमानापूर्वीचे 3 पेन्सचे जांभळे तिकीट पहिल्या दोन्ही डिंकांत मिळते. कोऱ्या तिकिटात हा फरक पाहता क्षणी कळतो. पण पाण्यात भिजवून सोडवलेल्या तिकिटाचा डिंक सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो. आपल्याकडच्या 1957 च्या नकाशा मालिकेत अशी पंचाईत नाही. नाशिकला छापलेल्या त्या तिकिटांवर आधी ताऱ्यांचे आणि 1958 पासून अशोकस्तंभशीर्षाचे जलचिन्ह आहे. ते कागदातच असल्याने कितीही भिजवा, साक्ष देते. मेचिनच्या कागदात जलचिन्हच नाही, तेव्हा नकाशा मालिकेवर हात बसलेल्यांची जलचिन्हाच्या द्रावणाची बाटली इथे कामाची नाही.

छपाईची पद्धत भिंगातून कळते. ग्रॅव्ह्युअरमध्ये आकड्यांच्या कडा दातेरी दिसतात, 1980 पासून आलेल्या लिथोमध्ये त्या सलग असतात. (संगणकीय कोरणीचे नवे ग्रॅव्ह्युअर या नियमाला जुमानत नाही, तिथे जपून.) दोन्ही उभ्या बाजूंना लंबगोल छिद्र असेल तर तिकीट 1993 च्या आधीचे नाही, एवढी पहिली चाळणी तरी डोळे मिटून लावता येते.

2009 नंतरच्या सुरक्षा तिकिटांनी मात्र काम सोपे केले, आणि महागही. ‘रॉयल मेल’ अशी इंद्रधनुषी अक्षरे तिकीटभर आहेत आणि त्यातले एखादे अक्षर मुद्दाम बदललेले असते: बाराच्या पुस्तिकेसाठी टी, सहाच्या पुस्तिकेसाठी एस, व्यावसायिक शीटसाठी बी. 2010 पासून वर्षाचे शेवटचे दोन अंकही त्यातच येतात. तिकीट हलवत तिरक्या उजेडात वाचायचे, बस्. ही तिकिटे पाण्यात सुटता सुटत नाहीत आणि ओढली तर त्यांवरचे अर्धवर्तुळाकार काप फाटतात; म्हणून पाकिटाच्या कागदासकट, भोवती थोडी जागा सोडून कापून ठेवावीत. लंडन-लेस्टरहून नातेवाइकांची पत्रे येणाऱ्या घरांत असा माल अजून पडून असेल. बारकोड नसलेली रोजच्या वापराची तिकिटे 31 जुलै 2023 नंतर तिथे चालेनाशी झाली, त्यामुळे यापुढे तो टपालातून येणार नाही.

पुढच्या अंकापासून अदलाबदलीच्या यादीत मेचिनपुढे पट्ट्यांची संख्या, छपाईची पद्धत आणि तिकीट कोरे असेल तर डिंक लिहावा. शिवाय तपासणी उजेडात केली की दिव्याखाली, हेही. जे तपासता आले नाही त्या जागी ‘अनिश्चित’ लिहावे. अशा नोंदी आम्ही विनातक्रार छापू. कॅटलॉगचा क्रमांक दिला आणि तो कशावरून ठरवला हे लिहिले नाही, तर यादी परत पाठवली जाईल.