वेळ पुसणाऱ्यांचा बाजार

अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, शनिवार-रविवारी भरणाऱ्या ट्रेडिंग क्लासांत सध्या रेंज बारची आरती चालू आहे. पाच मिनिटांची कँडल म्हणे पामरांची! वेळ हा सगळा ‘नॉइज’; तो काढला की पैसाच पैसा. फी भरा, सेटिंग घ्या.

कल्पना वाईट नाही. १९९० च्या दशकात ब्राझीलच्या व्हिसेंते निकोलेलिस या ट्रेडरने ती मांडली. रेंज दहा पॉइंटांची ठरवली, तर भाव तेवढा फिरेपर्यंत बार पुरा होत नाही. मग दहा सेकंद लागोत की तास. सगळे बार एका उंचीचे. चार्ट कसा स्वच्छ, देखणा!

पण आमची मंडळी घेतात निफ्टीचे ऑप्शन, ज्यांची एक्सपायरी दर मंगळवारी. निफ्टी तासभर जागीच घुटमळला, तर रेंज बार ढिम्म हलत नाही. तेवढ्यात प्रीमियम झिजून गेलेला असतो. ज्या वेळापायी पैसे बुडतात, तोच चार्टवरून पुसायचा आणि वर याला शिस्त म्हणायचे!

बॅकटेस्टची, म्हणजे जुन्या भावांवरच्या चाचणीची, गंमत तर विचारूच नका. निफ्टी सकाळी सव्वानऊला शंभर पॉइंट वर उघडला, की काही सॉफ्टवेअर ती गॅप खोट्या बारांनी भरून काढतात. त्या भावांना एकही सौदा झालेला नसतो, पण बॅकटेस्ट तिथे बिनधास्त खरेदी करून नफा दाखवते. त्यात ब्रोकरचा साधा डेटा म्हणजे प्रत्येक सौद्याची नोंद नव्हे. सेकंदाला मोजकेच भाव येतात. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोघांचे बारही जुळतीलच असे नाही. मग सर सांगतात, ‘रेंज आठ करा.’ उद्या बारा. मागचा आठवडा ज्या आकड्यात बसेल, तो आकडा.

सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल सांगतो : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स अँड ऑप्शन्समधले (एफ अँड ओ) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. नुसता व्यवहारखर्चच सुमारे ५०,००० कोटी. बाजार उसळला की रेंज बार भराभर पडतात, तेवढे सिग्नल, तेवढे सौदे आणि तेवढीच ब्रोकरेज.

फी मागणाऱ्या सरांना एवढेच म्हणा : चार्ट राहू द्या, वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा काढा.