गवतात दबा धरायला वेळ लागतो

नेकनूरच्या टपरीवर परवा एका मित्राशी कडाक्याचं वाजलं. तो माझ्याच पिढीतला. 2003 साली कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून लागलं तेव्हा दप्तर फेकून टीव्हीपुढे बसणारा, चिप्सच्या पुड्यातले टॅझो डब्यात जपणारा. तोच आता म्हणतो, की पोकेमॉनचा व्हिडिओ गेम नासला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जुना खेळ शिस्तीचा होता. एका गावाहून पुढच्या गावाला एक वाट, वाटेत आठ जिम म्हणजे झुंजीचे आखाडे, आठ बिल्ले, शेवटी अजिंक्यपद. 2022च्या जानेवारीत ‘लेजेंड्स : आर्सियस’ आला, त्याच नोव्हेंबरात ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ आले आणि घडी मोडली. आता पोरं मोकळ्या रानात नुसती हिंडतात, गवतात दबून बसतात. चित्रंही ओबडधोबड. आणि हे सगळं जपानी, आपल्याला त्याचं काय?

जपानीचं तर सोडूनच द्या. टॅझो गोळा करताना हा प्रश्न त्याला पडला नव्हता. चित्रांचं मात्र मला मान्य आहे. ‘स्कार्लेट’ चालता चालता अडखळायचा, लांबची माणसं तुटक हलायची, आणि पुढच्याच महिन्यात सुधारणा देताना कंपनीने खेळाडूंची क्षमा मागितली.

पण शिस्त? इथे मी गप्प बसणार नाही.

1996च्या फेब्रुवारीत जपानमध्ये या मालिकेतले पहिले खेळ ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ आले ते गेम बॉयवर. तळहाताएवढं यंत्र, पडद्यावर करड्या-हिरवट रंगाच्या चार छटा. त्या खेळातल्या गवतात एकही प्राणी दिसायचा नाही, कारण तिथे तो नसायचाच. तुम्ही पाऊल टाकलं की यंत्र आतल्या आत फासा टाकायचं. दान पडलं की पडदा लखलखायचा आणि प्राणी समोर उभा. एवढ्याशा यंत्राला याहून जास्त झेपण्यासारखं नव्हतं. त्या मर्यादेतून त्यांनी जे उभं केलं त्याला मी आजही हात जोडतो. पण यंत्राच्या अडचणीला शिस्त म्हणायचं आणि अडचण संपल्यावरही तीच शिस्त मागायची, हा कुठला न्याय? गावात नळ आल्यावरही पोहऱ्याने पाणी शेंदण्यातच संस्कार आहेत, असं म्हणण्यासारखं आहे हे.

आणि हा खेळ जन्मला कुठून? सातोशी ताजिरी या माणसाचं लहानपण टोकियोच्या कडेला माचिदा इथे गेलं. तेव्हा तिथे भातखाचरं होती, तळी होती. तो किडे धरायचा. सोबतची पोरं त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणायची. पुढे खाचरांवर इमारती आल्या, किडे गेले, आणि पुढच्या पोरांना ते धरण्यातलं सुख मिळावं म्हणून त्याने हा खेळ रचला. म्हणजे मुळात जिम नव्हतं, बिल्ला नव्हता. मुळात होतं ओलं गवत आणि श्वास रोखून पुढे केलेला हात.

हे आमच्याकडच्या माणसाला कळू नये याचं मला खरंच दुःख होतं. बंधाऱ्याच्या कडेला आम्ही चतुर धरायचो. त्याला हेलिकॉप्टर म्हणायचो. चतुराला जवळजवळ चहूकडचं दिसतं. समोरून गेलात की संपलं. मागून जायचं, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, काडीवर बसून त्याने पंख खाली सोडले की दोन बोटांची चिमट शेपटीवर. दहातले आठ निसटायचे. मृगाचे मखमली लाल किडे काडीपेटीत ठेवायचे ते वेगळेच. त्यांना पळता येत नाही, म्हणून त्यांची किंमत कमी.

आता ‘आर्सियस’ उघडा. सुरुवातीच्या परीक्षेतच तीन प्राणी धरायला पाठवतात. बिडूफ भोळा, जवळ गेलं तरी बघत राहतो. शिंक्सने पाहिलं की अंगावर येतो. स्टारली चाहूल लागताच भुर्रकन उडते. तिघांना तीन रीती. गवतात बसायचं, पाठीमागून नेम धरायचा. बेसावध प्राण्याच्या पाठीवर पकडायचा चेंडू लागला तर तो धरला जाण्याची शक्यता वाढते. माझ्या भाच्याच्या हातून स्टारली चार वेळा उडाली. पाचव्या वेळी त्याने खांदे आवळले, जीभ दातात धरली. ती मुद्रा मी बंधाऱ्यावर पाहिलेली आहे.

मित्राशी माझा जुना वादही हाच आहे. शाळेत बेडकाची आकृती काढून भाग लिहिले की बेडूक ‘झाला’, असं तो तेव्हाही म्हणायचा, आणि मी म्हणायचो की ओढ्यावर न जाता बेडूक होत नाही. जुन्या खेळात प्राणी एकदा धरला की पोकेडेक्स या प्राण्यांच्या नोंदवहीतली नोंद पूर्ण. ‘आर्सियस’मध्ये तसं नाही. तो पुन्हा पुन्हा धरा, त्याला खाऊ घाला, झुंजीत त्याचे डाव बघा, तेव्हा कुठे नोंद पुरी होते. असं बारकाईने बघायला लावणाऱ्या खेळाला ‘नुसतं हिंडणं’ म्हणतात का?

माझ्या बाजूने मी एवढंच म्हणतो, की मोकळ्या रानाने या मालिकेला तिचं मूळ परत दिलं. सगळं साधलं असं नाही. ‘आर्सियस’चं रान सलग नाही, त्याचे पाच वेगळे प्रदेश आहेत. ‘स्कार्लेट’मध्ये जिम हव्या त्या क्रमाने गाठा म्हणतात, पण प्रत्येक जिमची ताकद आधीच ठरलेली, म्हणून वाट चुकलेला पोरगा एक तर चिरडला जातो नाही तर कंटाळतो. हे दुरुस्त व्हायला हवं, आणि ते रान आणखी मोकळं करूनच होईल.

2025च्या ऑक्टोबरात ‘लेजेंड्स : झेड-ए’ आला. सगळा खेळ लुमिओस या एका शहरात. रानाऐवजी शहरातच आखून दिलेले तुकडे, त्यांत प्राणी. मित्र खुशीत आहे. भाचा दोन दिवस खेळला आणि त्याने पुन्हा ‘आर्सियस’ लावला.